मधला तांब्या

माणूस गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न ऋषिमुनींपासून चालत आलेला आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर ऐंशीच्या दशकात मुलुंड पूर्वेला, आमच्या तीनमजली इमारतीत मिळाले. ते शोधून काढणाऱ्या सावंतकाकू पहिल्या मजल्यावर राहत आणि एका शाळेत मुलींना शिवण शिकवत. या कामी त्यांना एक जपानी कॅमेरा, एक स्टूल आणि एक पितळी तांब्या एवढेच साहित्य लागले.

काकूंना अर्धे काही चालत नसे. घरी आलेल्या माणसाने "अर्धा कप पुरे" म्हटले की त्या कप काठोकाठ भरत आणि म्हणत, "उरला तर टाकून द्या. पण मी अर्धा देणार नाही." दार अर्धवट लोटून जाणाऱ्याला त्या जिन्यातून परत बोलवत. शिवणाच्या वर्गात एखाद्या मुलीने फ्रॉकची अर्धी दुमड घालून "बाकीची उद्या घालते" म्हटले, की घातलेलीही उसवायला लावत. "अर्धं म्हणजे काहीच नाही," त्या म्हणत, "आणि काहीच नाही हे निदान स्वच्छ तरी असतं."

या स्वभावाचे कारण त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलेले होते. काकूंचे यजमान गिरणीत होते. ते अचानक गेले, तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्न गावी झालेले, कणकवलीच्याही आत, तिथवर फोटोग्राफर पोहोचला नव्हता. शेवटी गिरणीतल्या सत्यनारायणाच्या पूजेचा एक ग्रुप फोटो मिळाला. त्यात सावंतकाका तिसऱ्या रांगेत होते आणि त्यांचा अर्धा चेहरा पुढच्या माणसाच्या कानामागे गेला होता. फोटो मोठा करून देणाऱ्या कलाकाराने उरलेला अर्धा चेहरा मनाने रंगवला, आणि हात लावलाच आहे म्हणून अंगात कोट आणि गळ्यात टायही घातला. तयार झालेला गृहस्थ विमा एजंटासारखा दिसत होता. त्याला हार घालून भिंतीवर चढवण्यात आले.

काकूंच्या सासूबाई, म्हणजे आमच्या इमारतीच्या सावंतआजी, त्या फोटोला नमस्कार करत नसत. मुलाला त्या आपल्या मालवणीत झील म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी खाली बसून तो नीट पाहिला आणि सुनेला विचारले, "हो कोणाचो झील आणून लावलंस?"

"आई, हेच आहेत ते."

"माज्या झीलान जन्मात टाय घातल्यान नाय." त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागल्या.

काकू कुणापुढे रडल्याचे ऐकिवात नाही. पण आजी एकदा थंडीत आजारी पडल्या आणि डॉक्टर छातीला नळी लावून जरा जास्त वेळ गप्प राहिले, तेव्हा काकू माझ्या आईला म्हणाल्या, "म्हातारीचा एकही फोटो नाही हो वहिनी. तिला पण असंच कोणाच्या तरी कानामागून काढून आणायचं का?" मग काकूंनी स्वतःच उत्तर दिले, "नाही आणणार."

पुढे काही महिन्यांनी त्यांचा भाऊ बाळा मस्कतहून सुट्टीवर आला आणि बहिणीसाठी कॅमेरा घेऊन आला. साबणदाणीएवढी काळी डबी. झाकण सरकवले की लेन्स उघडायची. लेन्सच्या वर दोन बारीक खिडक्या होत्या. त्यांतून तो समोरचे अंतर आपले आपण मोजायचा, आणि फोटो निघाला की किर्र आवाज करून रोल पुढे सरकवायचा. बाळा म्हणाला, "ताई, तू काय पण करू नको. फक्त बटण दाब. सगळं हाच करतो."

"सगळं आपणच करतो म्हणणाऱ्यावर जरा लक्ष ठेवावं लागतं," काकू म्हणाल्या आणि लगेच कॅमेरा आजींकडे वळवला.

आजींनी पदर तोंडावर ओढला. "माका भिंतीर टांगूची घाय झाली हा तुका? एकट्याचो फोटो काढलो की माणूस रवना नाय."

हे मत एकट्या आजींचे नव्हते. आमच्या इमारतीत फोटोचे शास्त्र पक्के होते. एकट्याचा फोटो काढायचा नाही, कारण त्याला पुढे हार चढतो. तिघांचा काढायचा नाही, कारण तिघांतला मधला जातो. चार माणसे आमच्या खोल्यांत कॅमेऱ्यापासून पुरेशा अंतरावर मावत नसत. म्हणजे उरले दोघे. काकूंनी विचार केला आणि आजींना सांगितले, "ठीक आहे. मी आधी सगळ्या इमारतीचे काढते. जोडीजोडीने. कोण जातंय ते तुम्ही बघत बसा."

दर रविवारी काकू कॅमेरा घेऊन एकेका घरी जाऊ लागल्या. त्या पिढीतले नवराबायको फोटोसाठी उभे राहिले की दोघांत एवढे अंतर ठेवत, की मध्ये एक तिसरे माणूस आरामात मावले असते. पण तिसरे चालत नव्हते. कॅमेरा बिचारा अंतर मोजायचा ते नेमके मधोमध, आणि मधोमध कोणीच नसायचे. पहिला रोल स्टेशनजवळच्या कलर लॅबमधून धुऊन आला तेव्हा इमारतीत खळबळ माजली. तळमजल्यावरच्या देसाई पतीपत्नींच्या जागी दोन फिकट ढग होते, आणि त्यांच्यामधून मागचे लोखंडी कपाट असे लख्ख आले होते, की आरशावर चिकटवलेल्या टिकल्या मोजता आल्या असत्या. गच्चीवर काढलेल्या जोडप्यांनी पाण्याच्या टाकीचे उत्तम फोटो मिळवले होते. आजींनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर आधीच भुता झाली हत."

ही बातमी चेअरमनसाहेबांच्या कानावर गेली. सोसायटीचे चेअरमन एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण ते खात्याला कोणी कळवले नसावे असे त्यांच्याकडे बघून वाटे. त्यांच्याजवळ भलामोठा कॅमेरा होता. तो गळ्यात घालून ते झेंडावंदनाला येत. त्यातून निघालेला फोटो मात्र कोणी पाहिला नव्हता. सोसायटीच्या ऑफिसात त्यांचा स्वतःचा, टेलिफोन कानाला लावलेला, एकट्याचा फोटो होता. तो स्टुडिओतला होता आणि टेलिफोनही स्टुडिओचाच होता.

"मिसेस सावंत," ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "यात एक टेक्निक आहे. आधी एका माणसावर धरायचं आणि बटण अर्धं दाबायचं."

"अर्धं?"

"अर्धं. म्हणजे अंतर लॉक होतं. मग तसंच अर्धं दाबून ठेवून कॅमेरा मध्ये आणायचा, आणि उरलेलं दाबायचं."

इथे नोंदवायला हवे की चेअरमन बरोबर होते. असे फार वेळा होत नसे, पण या वेळी होते. काकूंनी त्यांच्याकडे आणि मग कॅमेऱ्याकडे बघितले. "तुम्ही दाबा अर्धं," त्या म्हणाल्या. "मी दाबलं तर पूर्णच दाबणार."

"अहो, पण मग फोकस—"

"त्याला मध्ये काहीतरी बघायला पाहिजे ना? देते मी त्याला बघायला."

पुढच्या रविवारी काकू आमच्या घरी आल्या, त्या कॅमेऱ्याबरोबर एक उंच स्टूल, एक पाट आणि पितळी तांब्या घेऊन. आईबाबांना दोन खुर्च्यांवर बसवले. दोघांच्या मधोमध, बरोबर त्यांच्या ओळीत, स्टूल मांडले. स्टुलावर पाट, पाटावर तांब्या. तांब्या चिंच लावून घासलेला होता. आईला ते पाहून शंका आली. "अहो सावंतवहिनी, तांब्या धरून तीन झाले ना?"

"तिघांत मधला जातो म्हणतात ना? मग जाऊ दे तांब्या. दुसरा आणू."

माझे वडील कचेरीत हेडक्लार्क होते आणि कोणत्याही गोष्टीवर शेरा मारल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नसत. त्यांनी तांब्याकडे निरखून पाहिले आणि एक भुवई उचलून विचारले, "वहिनी, हे आमचे कोण लागतात?"

"तुमच्या दोघांत हलत नाही असा तो एकटाच आहे, भावोजी."

बाबांना यावर उत्तर सुचले होते. ते तोंड उघडणार, एवढ्यात काकूंनी बटण दाबले. पूर्ण.

तो फोटो मी आजही रोज पाहतो. त्यात आई थोडी घाबरलेली आहे, तांब्या अत्यंत गंभीर आहे, आणि बाबांची भुवई वर आहे. ते काय बोलणार होते हे त्यांनी नंतर सांगितलेही होते, पण ते विशेष नव्हते. फोटोतले बरे आहे.

तांब्याची युक्ती लागू पडली. वर्षभरात आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांत नवरा, बायको आणि मध्ये तोच तांब्या असा फोटो लागला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हा आमच्यातला काही कुळाचार असावा असे वाटे, आणि आम्हीही ते खोडून काढत नसू. एकदा नव्या बिऱ्हाडाच्या गुजराती बाईंनी स्वतःचा, जास्त चांगला, नक्षीचा तांब्या पुढे केला. काकूंनी तो परत दिला. "हा कॅमेरा याच तांब्याला ओळखतो," त्या म्हणाल्या.

प्रत्येक रोल धुऊन आला की काकू आजींसमोर फोटो मांडत. आजी एकेकावर बोट ठेवून हजेरी घेत. "हो आसा मां?"

"आहे. आत्ता जिन्यात भेटला."

"आणि ही?"

"ही आहे. हिला काय होतंय."

"चेअरमनचा तर एकट्याचा फोटो आहे ऑफिसात," काकूंनी एकदा शेवटचे अस्त्र काढले. "त्यांना काय झालं?"

"त्याका कोण न्हेता," आजी म्हणाल्या.

असे चालले होते. काकू चिकाटीने माणसे जिवंत असल्याचे पुरावे गोळा करत होत्या आणि आजी चिकाटीने वाट बघत होत्या. मधूनमधून डॉक्टर येत, नळी लावत आणि गप्प राहत. मग एके सकाळी माझे वडील गेले. आरशासमोर उभे राहून दाढी करता करता खाली बसले, आणि संपले. एका गालावर साबण तसाच होता.

माणसे जमली. नेहमीची घाई सुरू झाली. काकू वर आल्या, आईजवळ बसल्या, मग बाबांकडे बघून मला म्हणाल्या, "उरलेली दाढी कर."

कोणीतरी म्हणाले, "आता कशाला त्याचं?"

"अर्धी ठेवून नाही जायचं त्यांनी," काकू म्हणाल्या. "पाणी मी आणते."

त्यांनी तांब्यातून कोमट पाणी आणले. मी दाढी केली. त्या सगळ्या दिवसात मी केलेले तेवढे एकच काम मला आठवते, आणि ते मला करायला लावल्याबद्दल मी काकूंचा जन्माचा ऋणी आहे.

मात्र त्या दिवसानंतर काकूंनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. इमारतीचे फोटो काढण्यामागचा मुद्दाच हा होता की कोणी जात नाही, आणि एक जण गेला होता. आजींनी "बघ, मी सांगलंय" असे एकदाही म्हटले नाही. काकूंना तेच जड जात होते. "बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते," त्या आईला म्हणाल्या.

बाबांचा फोटो करायची वेळ आली तेव्हा काकूंनी न मागता निगेटिव्ह आणून दिली. लॅबवाल्याने आईची बाजू कापून बाबा मोठे केले. कडेला अर्धा तांब्या राहत होता. तो म्हणाला, "हे काढायचं तर साहेबांचा खांदा जाईल." आई म्हणाली, "खांदा राहू दे." असा अर्ध्या तांब्यासकट फोटो फ्रेममध्ये गेला.

तेराव्यानंतर सावंतआजी आमच्याकडे आल्या. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर, पण मधल्या पायऱ्यांवर त्या दोनदा बसल्या. काकू मागून येत होत्या, कोरड्या चेहऱ्याने, शिक्षा ऐकायला आल्यासारख्या. आजी थेट फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर अधू होती. भिंतीला नाक लागेल इतक्या जवळून त्यांनी बाबा पाहिले. आता त्या काय बोलणार याची मलाही धास्ती वाटत होती.

"हो तोच," आजी बाबांच्या भुवईवर बोट ठेवून म्हणाल्या. "आता काय तरी बोलतलो."

मग त्यांनी हात जोडले. भिंतीवरच्या कोणाही माणसाला त्यांनी नमस्कार केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. खाली उतरताना मी त्यांचा हात धरला होता, म्हणून पुढचे मला ऐकू आले. आजी सुनेला म्हणाल्या, "काढ माजो. पण माका टाय घालू नको."

काकू एक पायरी चुकल्या. "एकटीचा?"

"एकटीचो नाय. तू बस बाजूक. आणि तो तांब्यो ठेव मधी."

त्याच रविवारी बैठक मांडली गेली. मी म्हटले, "काकू, तुम्ही दोघी बसा, बटण मी दाबतो."

"तू दाबलंस तर तो तू काढलेला फोटो होईल," त्या म्हणाल्या. "तू फक्त दारात उभा राहा. कोणाला आत सोडू नको." शिवणाच्या मशीनवर त्यांनी कॅमेरा ठेवला, खाली घड्या केलेले कापड सरकवून तो तांब्याच्या रेषेत आणला. त्या कॅमेऱ्यात अशी सोय होती, की बटण दाबल्यावर थोडा वेळ समोर लाल दिवा उघडझाप करायचा आणि मग फोटो आपोआप निघायचा. हे काकूंनी आजींना सांगितले नव्हते. त्यांनी बटण दाबले, जाऊन खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि समोर बघू लागल्या.

दिवा लुकलुकू लागला. आजींनी मान पुढे केली.

"गो, हो माका डोळो मारता."

"आई, हलू नका."

"हलू नको काय? मेल्या, तुझ्या आजयेच्या वयाची आसंय मी—" असे म्हणत आजींनी कॅमेऱ्यावर बोट उगारले, आणि किर्र आवाज झाला.

सगळ्या इमारतीत तसा फोटो दुसरा नाही. आजी बोट उगारून बोलताहेत, नऊवारीची घडी, हातातल्या बांगड्या, भुवयांचा पांढरा केस न केस दिसतो आहे. पलीकडे काकू समोर बघायचे विसरून सासूकडे वळल्या आहेत आणि चक्क हसत आहेत. तांब्या मध्ये आहे.

फोटो धुऊन आला त्या दिवशी आजींनी तो पाहिला आणि भिंतीकडे मान वळवून म्हणाल्या, "आता तो टायवालो काढ." काकूंनी स्टुलावर चढून तो उतरवला. खिळा तसाच राहिला. तिथे निदान एखादे कॅलेंडर तरी लावा, असे कोणी सुचवले तर काकू म्हणत, "ह्यांचा नाही तर नाही. पण दुसरं कोणी नको." नंतर कधीतरी मी पाहिले, आजी त्या रिकाम्या खिळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

फोटो काढला की माणूस जातो, हे शास्त्र आजींनी तोंडावर पाडले. डॉक्टरांच्या गप्प राहण्याला न जुमानता त्या आणखी काही वर्षे जगल्या. सकाळी उठल्यावर फोटोसमोर येऊन "आसंय अजून" असे त्या स्वतःलाच कळवत. त्या गेल्या तेव्हा काकूंना कोणाच्या कानामागे शोधाशोध करावी लागली नाही. त्यांनी निगेटिव्ह लॅबमध्ये नेली आणि मोठा केलेला फोटो तांब्याच्या बरोबर मधून कापायला लावला. आजींचा फोटो भिंतीवर लागला आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला रागवू लागला. चेअरमनसाहेब सांत्वनाला आले, ते बोलणे तयार करून आले होते. पण फोटो समोर येताच दोन वाक्यांत आटोपून निघाले.

"अर्धाच कापलात?" मी काकूंना विचारले होते. मला जरा आश्चर्य वाटले होते.

"उरलेला माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझी वेळ आली की तिच्या बाजूला लावायचा. मग होईल पूर्ण. बाळाला सांगून ठेवलंय, तू पण लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवले. काकूंची वेळ आली तोवर ती लॅब बंद होऊन तिथे चपलांचे दुकान झाले होते. मस्कत सोडून कायमचा परत आलेला बाळा आणि मी निगेटिव्ह घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तांब्याच्या बरोबर मधून कापायचे, हे तिथल्या माणसाला तीनतीनदा समजावले. मग फ्रेम घेऊन घरी आलो आणि स्टुलावर चढून, आजींना अगदी खेटून, काकूंना लावले. सासूकडे वळून हसणाऱ्या काकू, समोरच्या कोणालातरी दटावणाऱ्या आजी, आणि दोघींच्या मध्ये दोन चौकटींत मिळून एक तांब्या. बाळाने डोळे पुसले. मी खाली उतरलो आणि दोन पावले मागे जाऊन पाहिले.

दोन लॅबनी दोन मापांत फोटो मोठे केले आहेत. सासूच्या बाजूचा तांब्या मोठा आला आहे.